तळाशी गेलेली पिशवी

आपला जिल्हा घाटावरचा, समुद्र लांब. तरी आज समुद्राच्या तळाबद्दल बोलायचं आहे, कारण आपलं पाणी तिथवर जातं. हरिश्चंद्रगडाकडून मुळा येते, रतनगडाकडून प्रवरा. नेवाशाकडे मुळा प्रवरेला मिळते, प्रवरासंगमाला प्रवरा गोदावरीला, आणि गोदावरी पार आंध्रात बंगालच्या उपसागराला.

पिशवी तर पाण्यावर तरंगते, मग तळाशी कशी जाते? विहिरीत राहिलेली दोरी आठवा, तिच्यावर शेवाळ चढतं ना? तसंच पिशवीवर शेवाळ, चिखल, बारीक शिंपले बसतात. ती जड होते आणि बुडते. खाली ऊन पोहोचत नाही, म्हणून तिचा लवकर चुराही होत नाही. पॅसिफिक महासागरातल्या मरियाना नावाच्या घळीत १९९८ साली जवळपास १०,९०० मीटर खोल एक पिशवी दिसली. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. सहा कळसूबाई एकावर एक ठेवली तरी वर पाणी उरेल!

इंग्लंडच्या आसपासच्या समुद्रात १९९२ ते २०१७ अशी पंचवीस वर्षं तळावरून जाळं ओढून कचरा मोजला. जाळं जवळजवळ अडीच हजार वेळा ओढलं. शंभरातल्या ६३ वेळा त्यात प्लास्टिक निघालं. पण मला पुढची गोष्ट मोठी वाटते. शेवटच्या काही वर्षांत पिशव्या कमी होत गेल्या. तिकडे दुकानात पिशवीला पैसे पडू लागले होते, आयर्लंडमध्ये तर २००२ पासूनच. त्याचा हा परिणाम असावा, असं अभ्यासकांना वाटतं. मासेमारीच्या जाळ्या-दोऱ्या मात्र वाढल्या, त्यामुळे एकूण प्लास्टिक काही घटलं नाही.

आपल्याकडे २०१८ ला बंदी आली. आठवडे बाजारात पिशवी अजून मिळते, ते तुम्हाला मी काय सांगू!

आणि सगळंच समुद्रापर्यंत जात नाही. वाटेत नाथसागर आहे, बंधारे आहेत, गावतळं आहे. त्यांनाही तळ आहे. गाळमुक्त धरण योजनेतला गाळ आपण ट्रॉलीने वावरात आणतो, तेव्हा त्यातली पिशवीही घरी परत येते. गाळ पसरताना ती वेचायची कोणी? आपणच.

मल्चिंग पेपरचंही तसंच. टरबूज निघालं की तो उन्हानं फाटायच्या आधी अख्खा गुंडाळून घ्या. ओढ्याकाठी ढीग लावला तर पहिल्याच पावसात वाहतो. माती झटकून, वाळवून गटाचा एकत्र साठवा आणि मग भंगारवाल्याला विचारा. एकटीच्या चार किलोसाठी तो गाडी थांबवत नाही.