देशोदेशींचे सेनाधिकारी आणि त्यांचे हुद्दे

मेजर मोठा की लेफ्टनंट, असे एखाद्या शाळकरी मुलास विचारले तर तो क्षणाचाही विलंब न लावता 'मेजर' असे उत्तर देईल. आणि ते बरोबरच आहे. परंतु लगेच दुसरा प्रश्न केला की, मग मेजर-जनरल मोठा की लेफ्टनंट-जनरल, तर तोच मुलगा तितक्याच खात्रीने 'मेजर-जनरल' म्हणेल, आणि तेथे त्याची फसगत होईल. लेफ्टनंट-जनरल हा मेजर-जनरलचा वरिष्ठ असतो. एकाच देशाच्या सैन्यातील नावे जर असा चकवा देतात, तर निरनिराळ्या देशांच्या सेनाधिकाऱ्यांची तुलना करताना केवढा घोटाळा होत असेल याची कल्पना केलेली बरी. तथापि ही तुलना करणे हा केवळ हौसेचा विषय नाही. मित्रराष्ट्रांच्या फौजा एकत्र आल्या म्हणजे आज्ञा कोणी करावयाची आणि ती कोणी पाळावयाची, हे तिच्यावर अवलंबून असते. आणि शत्रूच्या हाती सापडलेल्या बंदिवानास कसे वागविले जावयाचे, हेही पुष्कळ अंशी तिच्यावरच ठरते.

या नावांचे मूळ पाहिले म्हणजे पहिले कोडे सहज उलगडते. 'लेफ्टनंट' हा शब्द फ्रेंचांचा. त्याचा अर्थ जागा धरणारा, म्हणजे वरिष्ठाच्या गैरहजेरीत त्याची जागा सांभाळणारा. मराठी राज्यकारभारात ज्याला मुतालिक म्हणत असत, तोच हा. 'कॅप्टन' या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील 'डोके' या अर्थाचा शब्द आहे. म्हणजे कॅप्टन हा तुकडीचा म्होरक्या. 'कर्नल' हा इटालियन भाषेतून आला. सैनिकांच्या स्तंभाचा जो नायक, तो कर्नल. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय तुकडीत कॅप्टन, त्याचा मुतालिक लेफ्टनंट आणि शिस्त व व्यवस्था पाहणारा सार्जंट अशी उतरंड होती. संपूर्ण सैन्याच्या डोक्यावरही हीच त्रयी बसविली गेली : कॅप्टन-जनरल, लेफ्टनंट-जनरल आणि सार्जंट-मेजर-जनरल. पुढे पहिल्यातला 'कॅप्टन' गळाला आणि नुसता 'जनरल' उरला. तिसऱ्यातला 'सार्जंट' गळाला आणि 'मेजर-जनरल' उरला. क्रम मात्र पूर्वीचाच राहिला. नाव झिजले, अधिकार झिजला नाही.

याच्या उलट, नाव जसेच्या तसे राहते आणि अधिकार पार बदलतो, असेही घडते. त्याचे उदाहरण मराठी माणसास दूर शोधावे लागत नाही. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. किल्ल्यावरचा हवालदार तर त्या गडाचा प्रमुख अधिकारी. गडाच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन. आजच्या भारतीय सैन्यातही हवालदार आहे, नाईक आहे, आणि नाईकावर हवालदार हा पायदळातील जुना क्रमही तसाच आहे. परंतु आजचा हवालदार बाहीवर तीन फिती लावणारा, सनदी अधिकाऱ्यांच्या पायरीखालचा नायक होय. जुन्या कागदांतील हवालदार वाचताना आजचा हवालदार डोळ्यांपुढे आणला, तर इतिहासाचा अर्थच उलटा लागेल. गोव्यातील पोर्तुगीज अमदानीच्या कागदांत 'अल्फेरिश' हा हुद्दा भेटतो. त्याचे मूळ अरबीत असून अर्थ 'घोडेस्वार' असा आहे; पण पोर्तुगीज सैन्यात तो पायरीने सर्वांत खालच्या अधिकाऱ्यांत मोडतो.

भारतीय भूसेनेचे हुद्दे आज पुढीलप्रमाणे आहेत : लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट-कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर-जनरल, लेफ्टनंट-जनरल आणि जनरल. फील्ड-मार्शल हा बहुमान स्वतंत्र भारतात दोघांनाच मिळाला : १९७३ मध्ये माणेकशा यांना आणि १९८६ मध्ये करिअप्पा यांना. ही शिडी ब्रिटिशांकडून आलेली असली, तरी २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाल्यावर खांद्यावरचा राजमुकुट गेला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन, मेजरला सिंहमुद्रा. आणि तेथून पुढे सिंहमुद्रेबरोबर एकेक तारा वाढत ब्रिगेडियरपर्यंत तीन तारे होतात.

आता या शिडीशेजारी इतरांच्या शिड्या उभ्या करून पाहू. पहिला अडथळा ब्रिगेडियरच्या पायरीवर येतो. ब्रिटन आणि भारत येथे ब्रिगेडियर आहे. अमेरिकेत त्याच जागी ब्रिगेडियर-जनरल आहे आणि तो एक तारा लावून जनरलांच्या पंक्तीस बसतो. रशियात तर ही पायरीच नाही. तेथे कर्नलनंतर एकदम मेजर-जनरल येतो, आणि लेफ्टनंट-जनरल व जनरल यांच्यामध्ये 'कर्नल-जनरल' नावाची पायरी आहे. त्यामुळे रशियन लेफ्टनंट-जनरलच्या खांद्यावर दोन तारे असतात, अमेरिकन लेफ्टनंट-जनरलच्या खांद्यावर तीन. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याची गोष्ट अशीच होती. तेथे जनरलांची सुरुवात मेजर-जनरलपासून होई. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे नवे सैन्य उभारले गेले, तेव्हा त्यात ब्रिगेड-जनरल हा हुद्दा आला. परिणामी १९४४ चा जर्मन मेजर-जनरल आणि आजचा जर्मन मेजर-जनरल हे एकाच नावाचे, पण एका पायरीचे नव्हेत. चीनमध्येही ब्रिगेडियर नाही. तेथे कर्नल आणि मेजर-जनरल यांच्या दरम्यान 'ताशिआव' म्हणजे थोरला कर्नल असतो.

मग ताऱ्यांवर विसंबावे काय? तेही सुरक्षित नाही. फ्रान्समध्ये ब्रिगेडच्या जनरलला दोन तारे, डिव्हिजनच्या जनरलला तीन, कोअरच्या जनरलला चार आणि आर्मीच्या जनरलला पाच तारे असतात. म्हणजे दोन ताऱ्यांचा फ्रेंच जनरल आणि एका ताऱ्याचा अमेरिकन जनरल हे समान होत. फ्रान्सचा मार्शल सात तारे लावतो. परंतु मार्शल हा तेथे हुद्दा नसून राष्ट्राने दिलेला बहुमान आहे.

भूमी सोडून समुद्रावर गेले की घोटाळा आणखी वाढतो. भारतीय नौदलातील कॅप्टन हा भूसेनेतील कॅप्टनच्या बरोबरीचा नसून कर्नलच्या बरोबरीचा असतो, आणि भूसेनेतील कॅप्टनची बरोबरी नौदलातील लेफ्टनंटशी होते. वायुदलातील ग्रुप-कॅप्टनही कर्नलच्याच तोलाचा.

नावावर भिस्त नाही, ताऱ्यांवर नाही. तर मग माप कोणते? त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली किती माणसे आहेत आणि तो कोणाला जबाबदार आहे, हेच काय ते खरे माप. पण तेही डोळे उघडे ठेवून लावले पाहिजे. भारतीय पलटणीचे नेतृत्व आज कर्नल करतो, तर ब्रिटन व अमेरिका येथे तेवढ्याच पलटणीवर लेफ्टनंट-कर्नल असतो. भारतात ब्रिगेडवर ब्रिगेडियर, तर अमेरिकेत सामान्यतः कर्नल. अशा फरकांमुळेच १९४९ मध्ये स्थापन झालेल्या नाटो या संघटनेने पुढे नावे बाजूस ठेवून अंकांचा आश्रय घेतला. लेफ्टनंटच्या पायरीस एक, कॅप्टनला दोन, मेजरला तीन, याप्रमाणे फील्ड-मार्शलपर्यंत दहा. प्रत्येक राष्ट्राने आपली नावे ठेवावीत, परंतु बरोबरी अंकावरून ठरवावी, अशी ही योजना आहे.

तिची आवश्यकता महायुद्धानेच पटविली होती. १ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटनने माँटगोमेरी यांना फील्ड-मार्शल केले. ते ज्यांच्या आज्ञेखाली लढत होते ते आयझेनहॉवर मात्र चार ताऱ्यांचे जनरलच होते. ज्याने आज्ञा करावयाची त्याचा हुद्दा लहान आणि ज्याने ती पाळावयाची त्याचा मोठा, असा विपरीत प्रकार झाला. अखेर त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेने पाच ताऱ्यांचा नवा हुद्दा निर्माण केला आणि तो मार्शल, मॅकआर्थर, आयझेनहॉवर व अर्नोल्ड या चौघांना दिला. उलट १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यास शरणागतीच्या लेखावर ज्या दोघांनी सह्या केल्या, ते अरोरा आणि नियाझी हे दोघेही लेफ्टनंट-जनरल होते; दोन्ही सैन्यांची शिडी एकाच घरातून आलेली असल्याने तेथे बरोबरीचा कोष्टक शोधावा लागला नाही.

परंतु हुद्द्याचे मोल सर्वांत अधिक कळते ते बंदिवासात. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार पकडलेल्या सैनिकाने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक एवढेच सांगावयाचे असते. त्यांपैकी हुद्द्यावर पुढचे बरेच काही ठरते. साध्या शिपायाला काम करावयास लावता येते. सार्जंटच्या पायरीच्या बंदिवानाकडून केवळ देखरेखीचे काम घेता येते. अधिकाऱ्याला कामाची सक्ती करताच येत नाही. दरमहाची आगाऊ रक्कमही हुद्द्याप्रमाणे : सार्जंटच्या खालच्यांस आठ स्विस फ्रँक, सार्जंटांस बारा, मेजरच्या खालच्या अधिकाऱ्यांस पन्नास, मेजर ते कर्नल यांस साठ आणि जनरलांस पंचाहत्तर. बंदिवान अधिकाऱ्याने केवळ आपल्याहून वरिष्ठ अशा शत्रूच्या अधिकाऱ्यास सलाम करावयाचा. मात्र छावणीप्रमुखास त्याचा हुद्दा कोणताही असला तरी केला पाहिजे. म्हणूनच युद्ध सुरू होताच दोन्ही पक्षांनी आपापले हुद्दे एकमेकांस कळवावेत, असे त्या कराराचे ४३ वे कलम सांगते. भारताचा सुभेदार किंवा सुभेदार-मेजर घेतला, तर त्याच्याशी तंतोतंत जुळणारी पायरी पाश्चात्त्य सैन्यांत नाही. तो शिपायांहून वेगळा, सनद असलेला, पण लेफ्टनंटच्या खालचा. अशा माणसाचा हुद्दा शत्रूस नीट उमगला नाही, तर पांढऱ्या केसांच्या त्या जुन्या सैनिकाच्या हाती फावडे यावयाचे की नाही, एवढा साधा प्रश्नही अडून राहील.

हुद्दा देऊन माणसास मृत्यूकडे ढकलण्याचाही प्रयत्न झाला आहे. स्टालिनग्राडला वेढल्या गेलेल्या पाउलुस यांस हिटलरने ३० जानेवारी १९४३ रोजी फील्ड-मार्शल केले. जर्मनीचा कोणीही फील्ड-मार्शल आजवर जिवंतपणी शत्रूच्या हाती लागलेला नाही, याचे स्मरण त्यात होते. पाउलुस यांनी आत्महत्या केली नाही. दुसऱ्याच दिवशी ते रशियनांच्या स्वाधीन झाले.

इतका हा उपद्व्याप असेल, तर हुद्देच काढून टाकले तर? हा प्रयोगही दोन मोठ्या देशांनी करून पाहिला. रशियाने १९१७ च्या डिसेंबरात सर्व हुद्दे रद्द केले. सेनाधिकारी केवळ आपल्या कामाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९३५ मध्ये व्यक्तिगत हुद्दे परत आले, १९४० मध्ये 'जनरल' हा शब्दही आला, आणि ज्या खांदेपट्ट्यांचा एके काळी तिरस्कार झाला, ते १९४३ च्या जानेवारीत पुन्हा खांद्यावर चढले. चीनने १९५५ मध्ये हुद्दे दिले आणि १९६५ मध्ये काढून घेतले. त्यानंतर अधिकारी ओळखण्याची खूण एवढीच उरली की, त्याच्या कोटाला चार खिसे आणि शिपायाच्या कोटाला दोन. १९७९ च्या व्हिएतनामशी झालेल्या युद्धात या व्यवस्थेच्या अडचणी दिसून आल्या आणि १९८८ मध्ये हुद्दे पुन्हा सुरू झाले.

यातून निघणारा बोध साधा आहे. रणांगणावर नायक पडला म्हणजे त्याची जागा कोणी घ्यावयाची, हे विचारावयास वेळ नसतो. ते आधीच ठरलेले असावे लागते. हुद्दा हे त्या ठरावाचे दृश्य चिन्ह होय. म्हणून परदेशातील एखाद्या जनरलची बातमी वाचनात आली, तर त्याच्या नावाने अगर ताऱ्यांनी दिपून न जाता दोन प्रश्न विचारावेत : याच्या शब्दावर किती माणसांचे प्राण अवलंबून आहेत, आणि त्या प्राणांचा जाब याला कोणापुढे द्यावा लागतो? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्यास मिळाली, त्यास कोणत्याही देशाचा हुद्दा कळला असे खुशाल समजावे.