डोळ्यांची साक्ष आणि ‘मी तेथे नव्हतो’



संस्थेच्या या महोत्सवात कायद्यातील एखादा विषय सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावा, अशी चालकांची आज्ञा झाली. आम्ही निवडलेला विषय वरवर रुक्ष वाटेल. परंतु त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. खुनाच्या खटल्यात साक्षीदार शपथेवर सांगतो, ‘हाच तो, मी डोळ्यांनी पाहिला.’ आरोपी म्हणतो, ‘त्या वेळी मी तेथे नव्हतोच.’ दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. मग न्यायाचा तराजू कसा धरावा?

तत्त्वाआधी एक घडलेली हकीकत सांगतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी 21 डिसेंबर 1908 रोजी सायंकाळी सातच्या सुमारास मॅरियन गिलख्रिस्ट या श्रीमंत वृद्धेचा राहत्या घरी खून झाला. मोलकरीण वर्तमानपत्र आणावयास थोडा वेळ बाहेर गेली होती. ती परतली तेव्हा आवाज ऐकून आलेले शेजारी दाराशी उभे होते. दोघांच्या देखत एक पुरुष आतून आला आणि जिना उतरून नाहीसा झाला. रस्त्यावर 14 वर्षांच्या एका मुलीनेही एका माणसास पळताना पाहिले.

घरातून हिऱ्यांची एक पिन गेली होती. ऑस्कर स्लेटर नावाचा जर्मन ज्यू अशाच पिनेची गहाणपावती विकू पाहतो असे कळताच संशय त्याच्यावर गेला. त्याची पिन खुनाच्या कित्येक दिवस आधी गहाण पडली होती आणि ती त्या वृद्धेची नव्हतीच, हे लवकरच उघड झाले. धागा तुटला, पण संशय सुटला नाही. स्लेटर अमेरिकेस गेला होता, म्हणून साक्षीदारांना न्यूयॉर्कला नेले. मुलीला आधीच त्याचे छायाचित्र दाखविले होते. शिवाय ओळख पटविण्यापूर्वी पहाऱ्यातला स्लेटर साक्षीदारांच्या समोरूनच नेला गेला. शेजाऱ्यांजवळ त्या रात्री चष्मा नव्हता. ‘पुष्कळ साम्य आहे’ यापलीकडे ते गेले नाहीत.

त्या वेळी स्लेटर घरी जेवत होता, असे त्याच्या घरातील स्त्रीने व मोलकरणीने सांगितले. पण त्याची राहणी बदनाम, म्हणून घरच्यांचा शब्दही हलका ठरला. जेवणाच्या वेळी माणूस घरी असेल, तर घरच्यांवाचून दुसरा साक्षीदार आणावा कोठून? मे 1909 मध्ये एडिंबरोच्या न्यायालयात 15 पंचांपैकी 9 जणांनी ‘दोषी’, 5 जणांनी ‘सिद्ध नाही’ आणि एकाने ‘निर्दोष’ असे मत दिले. तेथे तेव्हा बहुमत पुरत असे. फाशी ठरली आणि दोनच दिवस उरले असता तिची जन्मठेप झाली. सर आर्थर कॉनन डॉइल यांनी 1912 मध्ये या अन्यायावर पुस्तिका लिहिली. तरी स्लेटर 1927 च्या नोव्हेंबरपर्यंत तुरुंगातच राहिला. स्कॉटलंडात फौजदारी अपिलाचे न्यायालयच मुळी 1926 साली निघाले. जुलै 1928 मध्ये शिक्षा रद्द झाली, तीही ओळख चुकीची म्हणून नव्हे, तर मूळ न्यायाधीशाने पंचांना आरोपीच्या चारित्र्याविषयी गैर दिशा दाखविली म्हणून.

यातून काय घ्यावे? खोटा साक्षीदार उलटतपासणीत सापडण्याचा संभव असतो; प्रामाणिकपणे चुकलेला सहसा सापडत नाही, कारण तो स्वतःच्या मनाशी खराच असतो. म्हणून त्याची खात्री किती, यापेक्षा उजेड किती होता, अंतर किती, पाहिले किती वेळ, पूर्वीची ओळख होती काय, पहिले वर्णन जुळते काय आणि ओळखपरेडीआधी चेहरा दाखविला गेला काय, हे विचारावे लागते.

आरोपीच्या बाजूलाही सूट नाही. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 11 मध्ये दाखला होता: गुन्हा कलकत्त्यात घडला, आरोपी त्या दिवशी लाहोरास होता. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तत्त्व तेच राहिले. आपण अन्यत्र होतो हे आरोपीनेच दाखवावयाचे, आणि तेही असे की गुन्ह्याच्या जागी पोहोचणे अशक्यच होते. नुसते ‘गावात नव्हतो’ भागत नाही. तथापि हा बचाव फसला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असे मात्र नव्हे. सरकार पक्षाचे ओझे सरकार पक्षाच्याच शिरावर राहते. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात बजावले की, बचावाच्या साक्षीदारांनाही सरकारी साक्षीदारांइतकीच समान वागणूक मिळाली पाहिजे. त्या खटल्यात आरोपीचा बचाव टिकला नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. समान तराजू म्हणजे ठरलेले पारडे नव्हे.

आता आपल्याविषयी. ‘कोर्टाची पायरी नको’ म्हणून आपण गप्प बसतो. परंतु शेजारचा मुलगा त्या संध्याकाळी आपल्या ओसरीवर बसला होता, हे आपल्याला ठाऊक असेल, तर ते लगेच सांगावे. वर्षाने सांगितलेले कोर्टाला बनाव वाटते. आणि आपण काही पाहिले असेल, तर जितके पाहिले तितकेच सांगावे. ‘साम्य आहे’ आणि ‘हाच तो’ या दोन वाक्यांच्या मध्ये एका माणसाचे आयुष्य असते.