बाळाची पहिली शी



बाळ जन्मले की आपण विचारतो, रडले का? मुलगा की मुलगी? त्याने शी केली का, हे सुईणीशिवाय कोणी विचारत नाही. आज त्या शीबद्दलच बोलायचे आहे. हसू नका.

पहिली शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. पुऱ्या दिवसांच्या बहुतेक बाळांना ती २४ तासांत होते. उरलेल्या जवळजवळ सगळ्यांना ४८ तासांत होते. ती झाली नाही, पोट नगाऱ्यासारखे तटतटले, हिरवी उलटी झाली, तर घुटी-एरंडेलात वेळ घालवू नका. बाळाला इस्पितळात न्या. मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापल्या विळ्याने डाग देतात. त्याला डंबा म्हणतात. डागाने पोट उतरत नाही, कोवळी कातडी मात्र भाजते.

अशा काही बाळांचे दुखणे आतड्यात असते. आपल्या आतड्याच्या भिंतीत बारीक मज्जापेशी असतात. त्या आतड्याला सांगतात, आवळ, सैल हो, पुन्हा आवळ. म्हणून अन्न पुढे सरकते. गर्भात या पेशी मानेच्या बाजूने निघतात आणि आतड्यातून खाली खाली जातात. पाटाचे पाणी वाफ्यावाफ्याने जाते ना, तसे. कधी पाणी मध्येच थांबते आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. इथेही तसेच होते. शी बाहेर पडते तिथला आतड्याचा तुकडा पेशींवाचून राहतो. तो सैल होत नाही. शी वरच अडते.

१८८६ साली डेन्मार्कचे डॉक्टर हर्षस्प्रुंग यांनी अशा दोन बाळांची हकीकत मांडली. रोगाला त्यांचेच नाव आहे. सुमारे ५,००० बाळांत एकाला तो होतो. मुलींपेक्षा मुलग्यांत चौपट.

पण पाणी थांबते का? शरीर घडवण्याचे हुकूम आईबापांच्या बीजातून येतात. अशा एकेका हुकुमाला जनुक म्हणतात. 'रेट' नावाचे जनुक या पेशींना पुढे चालवते. त्यात चूक असली तर हा रोग होऊ शकतो, हे १९९४ साली कळले. दुसऱ्या काही जनुकांचाही यात हात असतो. चूक आईकडून येते, तशी बापाकडूनही येते. कधी ती बाळातच नव्याने होते. आणि बरं का, ज्याच्याकडून आली तो स्वतः धडधाकट असू शकतो.

आता सासूबाईंना एक विचारतो. सुनेने सातव्या महिन्यात ग्रहणात विळी धरली म्हणून असे झाले, असे तुम्ही म्हणता. पण पेशींचा हा प्रवास सातव्या आठवड्याच्या सुमारास संपतो. तेव्हा सुनेचे पोट दिसूही लागलेले नसते. आठवडा सातवा आणि महिना सातवा, मध्ये किती दिवस गेले ते नातवाला मोजायला सांगा. एवढ्यावरून पोरीला माहेरी धाडणे हा मला शुद्ध अन्याय वाटतो.

उपाय आहे. डॉक्टर त्या जागेचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी नसल्या तर तेवढा तुकडा कापून वरचे चांगले आतडे खाली ओढून जोडतात. असे ऑपरेशन बोस्टनच्या डॉक्टर स्वेन्सन यांनी १९४८ साली जगापुढे मांडले. बहुतेक मुले त्यानंतर जगतात, शाळेत जातात. काहींना शौचाचा त्रास राहतो. पुढच्या भावंडालाही हा रोग होण्याचा संभव शंभरात सुमारे ४ असतो, म्हणून त्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे. ऑपरेशन झालेल्या मुलाचे पोट पुन्हा फुगले, ताप आला, घाण वासाचे जुलाब लागले, तर रात्र असली तरी त्याला इस्पितळात न्यावे.