गुहेतील माणूस : एका पाठाविषयी



इतिहासाच्या आरंभीच्या पाठात एक चित्र हमखास आढळते. कातडे नेसलेला, केस पिंजारलेला मनुष्य गुहेच्या तोंडाशी शेकोटी पेटवून बसला आहे. ते पाहून मुले मनाशी ठरवितात की, गुहेत राहणारा तो रानटी. पुढे शहाणा झाल्यावर त्याने घर बांधले. ही समजूत दोन्ही अंगांनी सदोष आहे.

आदिमानव सदैव गुहेत राहत असे, असे नव्हे. पुष्कळदा तो उघड्यावर, नदीकाठी, फांद्यांच्या व कातड्यांच्या आडोशाला राही. तो आडोसा कुजून गेला. गुहेतील राख, हाडे आणि दगडी हत्यारे मात्र थरांखाली टिकली. म्हणून संशोधकांना तो गुहेत अधिक सापडतो. शिवाय गुहेचा अंतर्भाग काळोखा व दमट. वस्ती असे ती बहुधा तोंडाजवळ, उजेडात. वि. श्री. वाकणकरांनी १९५७ मध्ये प्रकाशात आणलेल्या भीमबेटका येथेही बव्हंशी खोल गुहा नाहीत, पुढे झुकलेल्या खडकांचे आश्रय आहेत. (अजिंठ्याची लेणी या पाठात आणू नयेत. ती भिक्षूंसाठी छिन्नीने कोरलेली वास्तू होत.)

दुसरे असे की, गुहेतील वास्तव्य संपलेले नाही. उत्तर चीनमध्ये पिवळ्या मातीच्या कड्यांत कोरलेल्या घरांतून आजही लोक राहतात. तेथे लाकूड कमी लागते, हिवाळ्यात ऊब व उन्हाळ्यात गारवा मिळतो. धोकाही आहेच : १५५६ च्या भूकंपात अशी असंख्य घरे कोसळून भयंकर प्राणहानी झाली.

दक्षिण इटलीतील माटेरा या गावाची हकीकत तर प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावी अशी आहे. तेथील मऊ चुनखडीत पिढ्यान् पिढ्या घरे कोरली गेली, पावसाचे पाणी साठविण्यास टाकी खोदली गेली. पुढे लोकसंख्या वाढली, टाक्यांचीही घरे झाली, आणि एकाच खोलीत आईबाप, मुले व खेचर राहू लागले. हिवताप व डोळ्यांचे रोग बळावले. कार्लो लेव्ही यांच्या १९४५ च्या पुस्तकाने ही दैना जगापुढे आली. माटेरा ही राष्ट्राची लाज ठरली. १९५२ मध्ये कायदा होऊन सुमारे पंधरा हजार लोकांना टप्प्याटप्प्याने नव्या घरांत हलविण्यात आले. वस्तुतः दोष दगडाचा नव्हता. दारिद्र्याचा व दाटीचा होता. पुढे १९९३ मध्ये याच गुहांना जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि आता लोक तेथे पैसे मोजून मुक्काम करतात. ज्यांना आपल्या घराची लाज वाटावयास लावली गेली, त्यांतील अनेकांना हा मान पाहण्यास मिळाला नसेल.

वर्गात कुडाच्या किंवा मातीच्या घरातून येणारी मुलेही बसलेली असतात. ‘रानटी’, ‘मागासलेला’ हे शब्द फळ्यावर लिहिताना ती काय ऐकतात, याचा विचार शिक्षकाने आधी करावा.

पाठासोबत एक प्रयोग सहज करता येईल. वैशाखातील दुपारी एक तापमापक पत्र्याच्या छपराखाली व दुसरा जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत अर्धा तास ठेवावा. दोन्ही आकडे मुलांनीच वाचून वहीत लिहावेत. मग चित्रातील मनुष्य तेथे का बसला असावा, हे त्यांनाच विचारावे.