आकाशांतील स्वयंसेवक

विमान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दोन चित्रें उभीं राहतात; एक तिकीट काढून प्रवास करणाऱ्या उतारूंचें, दुसरें लढाऊ वैमानिकाचें. या दोहोंखेरीज विमानविद्येचें एक तिसरें जग आहे, आणि तें चालविणारे बहुतेक लोक त्या कामाबद्दल पगार घेत नाहींत. अमेरिकेंतील 'सिव्हिल एअर पेट्रोल' या संस्थेविषयीं आज चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे. मी स्वतः अवघा मॅट्रिक; उभा जन्म मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत गेला. तेव्हां असल्या विषयावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुढें येईल.

या संस्थेची स्थापना १ डिसेंबर १९४१ रोजीं झाली. युद्धाचा वणवा आपल्या देशाला लागला तर खाजगी विमानें जमिनीवर बांधून ठेवलीं जातील. त्यापेक्षां तीं व त्यांचे चालक देशाच्या उपयोगी पाडावे, हा विचार गिल रॉब विल्सन या विमानविषयक लेखकानें आग्रहानें मांडला होता. नागरी संरक्षण खात्याचे प्रमुख ला गार्डिया यांनीं त्यास संमति दिली. आणि पुढें बरोबर सहा दिवसांनीं पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

१९४२ सालीं जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्यालगत तेलाचीं जहाजें बुडवूं लागल्या. नौदलाजवळ पुरेशीं विमानें नव्हतीं. तेव्हां त्या वर्षाच्या मार्चपासून १९४३ च्या ऑगस्टपर्यंत हे स्वयंसेवक आपलीं लहान, एका यंत्राचीं विमानें घेऊन समुद्रावर पहारा करीत राहिले. कोणी दुकानदार, कोणी शेतकरी, कोणी डॉक्टर. पुष्कळांना वयामुळें किंवा शारीरिक वैगुण्यामुळें सैन्यांत प्रवेश मिळाला नव्हता. त्यांनीं शहाऐंशी हजारांहून अधिक फेऱ्या केल्या आणि सुमारें दोन कोटी चाळीस लक्ष मैल अंतर काटलें. या किनारी पहाऱ्यांत सव्वीस जणांनीं प्राण गमावले. विला ब्राउन या कृष्णवर्णी वैमानिक बाई याच काळांत संस्थेच्या अधिकारी झाल्या, हीहि गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु मला विशेष वाटलें तें निराळेंच. ऑक्टोबर १९४२ मध्यें संस्थेनें कुमारांसाठीं छात्रपथकें उघडलीं, तेव्हां प्रारंभीं नियम असा होता कीं, प्रत्येक पुरुष सभासदानें एका मुलाची व प्रत्येक स्त्री सभासदानें एका मुलीची शिफारस करावी. म्हणजे एका मोठ्या माणसामागें एक मूल. शिक्षणशास्त्राचे जाडे ग्रंथ वाचूनहि यापेक्षां साधी व्यवस्था मला सुचली नसती.

युद्ध संपल्यावर संस्था मोडली नाहीं. १९४६ सालीं तिला कायद्यानें धर्मादाय स्वरूप मिळालें व १९४८ सालीं ती अमेरिकन हवाई दलाची साहाय्यक संस्था ठरली. वाट चुकलेल्या किंवा पडलेल्या विमानांचा शोध घेणें, महापूर व वादळ यांनंतर वरून छायाचित्रें काढणें, हीं तिचीं कामें. १२ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांच्या जागेवरून जाऊन छायाचित्रें घेणारें विमान याच स्वयंसेवकांचें होतें. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना छात्र म्हणून प्रवेश मिळतो, आणि त्यांना कांहीं उड्डाणें विनामूल्य घडवितात. मात्र एक विमान आकाशांत जावयाचें तर जमिनीवर कितीतरी हात लागतात. कोणी बिनतारी यंत्रापाशीं बसतो, कोणी नकाशा आंखतो, कोणी हिशेब ठेवतो, कोणी शिकवितो.

आतां माझ्या अधिकाराविषयीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं सातवीच्या वर्गांत माझा एक विद्यार्थी होता. काळ व वेग यांचें गणित सोडवितांना त्यानें वहीच्या समासांत विमान काढलें होतें. मीं तें पान सर्वांदेखत टरकावलें आणि म्हणालों, "बैलगाडी हांकायची आहे तुला, विमान कशाला?" वर्ग हंसला. त्या हंसण्याचा मला आनंदहि झाला.

मध्यंतरीं मी मुलीकडे अमेरिकेस गेलों होतों. तोच विद्यार्थी तेथें स्थायिक झालेला. कोणाकडून तरी कळून तो भेटीस आला, वांकून नमस्कार केला, आणि संध्याकाळीं आपल्या पथकांत घेऊन गेला. एका छोट्या विमानतळावरची साधी खोली. वीसेक मुलें गणवेशांत रांगेनें उभीं. सत्तरीच्या एक बाई हजेरी व हिशेब पाहत होत्या. त्यांनीं जन्मांत विमान चालविलेलें नव्हतें.

एक मुलगा एका उदाहरणाशीं अडला होता. विमानाचा वेग ताशीं शंभर मैल, समोरून वारा ताशीं वीस मैल, अंतर दोनशें चाळीस मैल. तासाला आठ गॅलन इंधन लागतें व टाकींत छत्तीस गॅलन आहे, तर पोहोंचल्यावर शिल्लक किती?

"गुरुजी, एवढं तुम्हीच समजावून सांगा ना," माझा विद्यार्थी म्हणाला.

माझें इंग्रजी मोडकें. पण अंकांना भाषा लागत नाहीं. ओघाविरुद्ध जाणाऱ्या नावेचें जें उदाहरण मीं चाळीस वर्षें फळ्यावर मांडलें, तेंच तें होतें! मीं कागदावर नदी काढली, नाव काढली. मुलाला उमगलें. तीन तास, शिल्लक बारा गॅलन. उत्तर लिहून त्यानें शेजारीं एक लहानसें विमान काढलें. माझा विद्यार्थी त्या वेळीं दुसरीकडे पाहत होता. मुद्दाम पाहत असावा.

परततांना मोटारींत मी म्हणालों, "तें पान मीं फाडायला नको होतं."

"तुम्हांला आठवतं, गुरुजी? मला वाटलं, माझ्याच एकट्याच्या लक्षांत असेल," एवढेंच तो बोलला.

श्रोतेहो, आपल्या देशांत राष्ट्रीय छात्रसेना १९४८ सालीं स्थापन झाली आणि १ एप्रिल १९५० रोजीं मुंबई व कलकत्ता येथें तिच्या हवाई शाखेचा आरंभ झाला. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकच तेथें अधिकारी म्हणून काम पाहतात. त्यांना आपल्यांपैकीं कोणी पूर्वीं हातभार लावला असेल, कोणी आजहि लावीत असेल. परंतु सेवानिवृत्त कारकून, तारमास्तर, रेल्वेचे फोरमन, माझ्यासारखे मास्तर, असे आपण कितीजण सकाळचा फेरफटका व वर्तमानपत्र यांत दिवस काढतों! आपणांस उडतां येत नाहीं, हें कारण पुरेसें नाहीं. त्या हिशेब ठेवणाऱ्या बाईंनाहि तें येत नव्हतें. प्रत्येकानें एकच मूल हातीं धरावें, एवढीच माझी विनंति आहे.

हल्लीं रविवारीं सकाळीं आमच्या आळींतील चार मुलें माझ्या ओसरीवर गणितें करावयास येतात. त्यांच्या वह्यांना समास मी स्वतः आंखून देतों, आणि तो जरा रुंदच आंखतों.