पाहुणे जेवून जातात, मागचं कोण आवरतं?

(गंगाखेड येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला आज पर्यटनावर बोलायला सांगितलं, तेव्हा एक बाई हसून म्हणाल्या, “आपल्या परभणीत कुठलं आलंय पर्यटन? ना समुद्र, ना थंड हवेचं ठिकाण.” खरंच आहे. पण पाहुणे तर येतातच ना? शेगावहून गजानन महाराजांची पालखी औंढा, परभणी, दैठणा करत आपल्या गंगाखेडला येते आणि पुढे परळीला जाते. लहानमोठ्या दिंड्या वेगळ्याच. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो, त्याला सगळ्या जातिधर्माची माणसं जातात. इथे गोदाकाठी लोक अस्थी घेऊन येतात. पाथरीला साईबाबांच्या नावानं गाड्या थांबतात. चारठाण्याची जुनी देवळं पाहायला कुणी कुणी वाट वाकडी करून येतं. आपण त्याला यात्रा म्हणतो, इतकाच फरक.

आणि आपण यजमान. म्हणजे नेमकं कोण? फलकावर नाव असतं अन्नदात्याचं, तो बहुतेक वेळा पुरुष. भाकरी थापणारीचं नाव कुठल्याही फलकावर मी वाचलेलं नाही. जरा हिशेब करू या. दोनशे माणसांची दिंडी मुक्कामाला आली. माणशी तीन भाकरी, म्हणजे सहाशे. किलोच्या पिठात मोठ्या आठ भाकरी धरल्या तर पंचाहत्तर किलो पीठ. एक भाकरी थापून भाजायला तीन मिनिटं धरा. सहाशे भाकरींना तीस तास होतात. पंधरा घरांत वाटले तरी प्रत्येकीच्या वाट्याला दोन तास चुलीपुढचे, तेही जूनच्या उकाड्यात, शेतातून आल्यावर. यात पाणी भरणं, पिठलं, भांडी काही धरलेलं नाही. पिठाचा खर्च घर सोसतं, दोन तास बाई सोसते, आणि पुण्य सगळ्यांचं.

माझं म्हणणं नीट समजून घ्या. वारकऱ्याला भाकरी देऊ नका असं मी म्हणत नाही. ही देण्याची रीत आपल्या भागाची श्रीमंती आहे. पण आपण कुठल्या गावात बोलतोय? हे जनाबाईंचं गाव. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ही बाई. तिच्या अभंगांत देव काय करतो? तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो. म्हणजे तिच्या घरी आलेला पाहुणा कामाला लागतो! आपल्याकडे येणारे भक्त तेवढं विसरतात.

पाण्याचं तर बोलायलाच नको. पालखीचे दिवस म्हणजे पावसाच्या तोंडचे, विहिरी तळाला गेलेल्या. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. अशा दिवसांत शेकडो माणसांच्या आंघोळीचं पाणी हंड्याहंड्यानं जमवतं कोण? आणि सकाळी दिंडी गेल्यावर रस्त्याकडेची घाण, पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले? गोदाकाठी टाकलेले कपडे, हार? ते उचलणाऱ्या हातांची जात आणि पगार दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ सालचा आहे. पुढे वारीसाठी फिरती शौचालयं आली, ‘निर्मल वारी’ सुरू झाली. चांगलं झालं. म्हणजे जमतं, मनावर घेतलं तर.

आता पैशाचं. २०२० च्या जानेवारीत पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली आणि जन्मस्थान कोणतं यावर वाद पेटला. १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. दोन्हीकडून बोलले ते पुढारी आणि विश्वस्त. रस्ता रुंद झाला तर कुणाचं घर, कुणाचा ओटा जाईल, भक्तनिवासात पोळ्या लाटायचं काम कुणाला आणि काय मजुरीवर मिळेल, हे पाथरीच्या बायांना कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

केरळात कुमरकोम नावाचं गाव आहे, तळ्याकाठचं, मोठमोठ्या हॉटेलांचं. तिथे २००८ च्या सुमाराला सरकार आणि पंचायत यांनी मिळून ठरवलं, की हॉटेलांनी भाजीपाला गावातून घ्यायचा. कुटुंबश्रीच्या बायांनी पडीक जमिनी कसल्या आणि माल पुरवला. भाव कधी पटला, कधी घासाघीस झाली. पण व्यवहार झाला. उपकार नव्हे, व्यवहार.

आपल्या राज्यानंही २०२३ साली ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं. बाईनं पर्यटनाचा व्यवसाय काढला तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज सरकार भरणार. पण व्यवसाय तिच्या मालकीचा हवा. इथेच गाडी अडते. ज्या घरात पाहुणे ठेवायचे ते घर कुणाच्या नावावर? गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा शासन निर्णय २००३ सालचा आहे. आज घरी जाऊन आठ-अ चा उतारा काढून बघा, तुमचं नाव आहे का.

दुसरं, ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यात यात्रेकरूंवर आणि जत्रा-उत्सवांवर कर बसवायची तरतूद आहे. पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्याकडून पैसे घ्यावेत असं मला मुळीच वाटत नाही, ते पापच होईल. पण जत्रेत दुकान थाटणारा बाहेरचा व्यापारी, आकाशपाळणेवाला यांच्याकडून का नको? आणि आलेला पैसा संडास, पाणी आणि सफाईची मजुरी यालाच लावायचा, असा ठराव का नको? ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. पुष्कळ ठिकाणी ती वहीतच होते, घरोघरी सह्या फिरवून. या वेळी सही करण्याआधी विचारा, सभा कधी झाली? आणि ती आषाढीच्या आधी, दिंड्या यायच्या आधी व्हायला हवी.

दिंडीप्रमुखांशीही बोलता येतं. मुक्कामाला किती माणसं येणार ते आठ दिवस आधी कळवा, शिधा बरोबर आणा किंवा आमच्या बचतगटाकडून विकत घ्या, निघताना मुक्कामाची जागा झाडून जा. आमच्या काही गावांत बायांनी हे तोंडावर सांगितलं. एक-दोन बुवा रागावले. बाकीच्यांनी खराटे हातात घेतले.

माझं बोलणं इतकंच. दैठण्याच्या बाया मागे बसल्यात, पालखीचा मुक्काम त्यांनी जन्मभर सांभाळलाय. आधी त्यांनी बोलावं, मग प्रश्न घेऊ.