रजिस्टरमधला आकडा

आदरणीय गुरुजन आणि माझ्या १९९८ च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी बरेच जण मला ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणून ओळखतात. पण माझी पदवी सिव्हिलची आणि पहिली मोठी नोकरी दुबईत, बांधकामावर होती. तिथली एकच गोष्ट आज सांगते. घराबाहेर ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

२००६ चा जुलै. माझं वय चोवीस. आमच्या साइटवरून बुर्ज खलिफा वाढताना दिसायचा. तेव्हा त्याचं नाव बुर्ज दुबई होतं. आम्ही मात्र जमिनीखाली, एका इमारतीच्या पायाचं काम करत होतो. उन्हामुळे मोठं काँक्रीट रात्रीच ओतायचं. काँक्रीट गरम असलं की लवकर घट्ट होतं, तडे जातात. ते सैल व्हावं म्हणून कुणी वरून पाणी घातलं तर ताकद कमी होते. म्हणून प्लांटवर पाण्यात बर्फ मिसळत. आमच्याकडे मर्यादा ३२ अंशांची होती. गाडी आली की थर्मामीटर खुपसायचा, स्लम्प बघायचा, क्यूब भरायचे आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, हे माझं काम.

त्या रात्री एक गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आली. थर्मामीटरवर ३५. परत पाठवली तर पुढची गाडी येईपर्यंत काम थांबणार, आधीचं काँक्रीट घट्ट होऊन मध्येच सांधा पडणार. साहेब म्हणाले, “बत्तीस लिही आणि पुढे चल.” नोकरीला तीनच महिने झाले होते, व्हिसा कंपनीच्या हातात, बाबांच्या डोक्यावर माझ्या शिक्षणाचं कर्ज. मी बत्तीस लिहिलं.

शेजारी आमचे मुकादम उभे होते. करीमनगरचे, बाबांच्या वयाचे. राहायचे सोनापूरच्या लेबर कॅम्पात. मुंबईत सोनापूर म्हटलं की जुन्या माणसांना स्मशान आठवतं, तिथे ते हजारो मजुरांच्या वस्तीचं नाव आहे. ते एवढंच म्हणाले, “मॅडम, पैंतीस था ना?”

त्या रात्री झोप लागली नाही. आठवत राहिली आपली नववीची प्रयोगशाळा. पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा होता. आपलं गाव उंचावर, त्यामुळे पाणी ९७-९८ लाच उकळत होतं. आपण सगळ्यांनी मात्र वहीत १०० लिहिलं, पुस्तकात होतं म्हणून. बाईंनी सगळ्या वह्या परत दिल्या. म्हणाल्या, “पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. तुम्हाला काय दिसलं ते लिहा.”

सकाळी मी कन्सल्टंटच्या इंजिनिअरकडे गेले आणि खरं सांगितलं. रजिस्टरमध्ये ३२ वर रेघ मारून ३५ लिहिलं, शेजारी सही केली. पायाच्या त्या भागावर खूण केली गेली. २८ दिवसांनी तिथून कोअर काढून तपासले. ताकद पुरेशी भरली. म्हणून काही माझं बत्तीस खरं ठरलं नाही. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि पुढे माझा करार वाढवला गेला नाही. मी परत आले, कोडिंग शिकले आणि याच क्षेत्रात राहिले.

आज माझ्या टीममधली मुलं कधी विचारतात, “मॅम, एकच टेस्ट फेल आहे, रिपोर्टमध्ये पास दाखवू का?” मी त्यांना रागावत नाही. तो मोह मला माहीत आहे. त्यांना त्या रात्रीबद्दलही सांगत नाही. फक्त विचारते, “स्क्रीनवर काय दिसलं?”

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. वही परत मिळाली तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. तुम्ही शिकवलेलं दुबईत माझ्या कामी आलं, पण एक रात्र उशिरा. तेवढ्या उशिराबद्दल माफ करा.